घरीं बांधलेली मोटार

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी अलीकडे मोबाइल फोनवर एक प्रकारचीं चलच्चित्रें मोठ्या आवडीनें पाहतात. परदेशांतील कोणी हौशी गृहस्थ घराशेजारच्या गॅरेजमध्यें सुटे भाग आणतो, ते महिनोन्महिने जुळवितो, आणि शेवटीं शर्यतीच्या घाटाची एक ठेंगणी मोटार दाराबाहेर काढतो. वर्गांत गतीचे नियम शिकविणें चाललें असतां, "अशी गाडी आपल्याला मेहरूणांत बांधतां येईल काय?" हा प्रश्न हमखास येतो. याच मुलांचे पालक भेटले म्हणजे त्यांचा प्रश्न निराळा असतो. हा नाद मुलास लागूं द्यावा कीं वेळींच मोडून काढावा, हें त्यांस समजून घ्यावयाचें असतें. दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच ठिकाणीं द्यावें या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे. अशी मोटार बांधतां येते, आणि ती बांधण्यापासून पुष्कळ शिकतांही येतें. परंतु गाडी चालूं लागली म्हणजे ती पुरी झाली, ही समजूत अर्धवट आहे. ती हवी तेथें थांबते कीं नाहीं, आणि बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणा जाणत्यानें ती तपासली आहे कीं नाहीं, यांवरच तिचें पुरेंपण ठरतें. हें कसें, तें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम संचाची मोटार म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारखानदार तयार गाडी न विकतां तिच्या भागांचा संच विकतो. त्यांत लोखंडी नळ्यांची चौकट, पत्र्याचे किंवा फायबरचे बाहेरचे भाग, स्टिअरिंगचे दांडे, स्प्रिंगा वगैरे सामान असतें. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल हे भाग कधीं संचाबरोबर मिळतात, तर कधीं एखाद्या जुन्या मोटारीमधून काढून घ्यावे लागतात. गिऱ्हाइकानें साधे पाने, पक्कड, जॅक आणि घोड्या एवढ्या सामग्रीवर ती घरीं जुळवावयाची असते.

या प्रकारास नांव मिळवून दिलें तें इंग्लंडांतील कॉलिन चॅपमन या इंजिनिअरानें. विद्यार्थिदशेंतच, सन १९४८ मध्यें, त्यानें ऑस्टिन सेव्हन नांवाच्या एका जुन्या स्वस्त गाडीच्या सांगाड्यावर आपली पहिली शर्यतीची मोटार बांधली. आणि ती बांधली एका साध्या गॅरेजमध्यें. पुढें सन १९५२ मध्यें त्यानें लोटस कंपनी स्थापिली व सन १९५७ मध्यें लोटस सेव्हन ही दोन माणसांची, उघडी, अगदीं साधी मोटार बाजारांत आणली. त्या वेळीं इंग्लंडांत तयार मोटारीवर मोठा विक्रीकर बसत असे. सुट्या भागांवर मात्र तो बसत नसे. सबब हौशी पण बेताच्या ऐपतीच्या लोकांनीं हा संच विकत घेऊन आपल्या हातांनीं गाडी जुळवावी, हें दोघांच्याही सोयीचें झालें. कर टाळण्यासाठीं संचाबरोबर जुळणीचीं सूचनापत्रें देण्याची मनाई होती, म्हणून गाडी कशी सोडवावी याची माहिती दिली गेली आणि गिऱ्हाइकांनीं ती उलट क्रमानें वाचून गाडी उभी केली, अशी एक मौजेची गोष्ट सांगतात. सन १९७३ मध्यें तेथील करपद्धति बदलली आणि संचाचा हा लाभ संपला. त्याच वर्षीं त्या मोटारीचे हक्क केटरहॅम नांवाच्या कंपनीकडे गेले. ती कंपनी तीच गाडी थोड्याफार फरकानें अजून बनविते, आणि संचाच्या रूपानेंही विकते. कराचा लाभ संपल्यावरही लोक संच घेत राहिले. यावरून त्यांस गाडीइतकीच गाडी बांधण्याचीही आवड होती, हें उघड आहे.

या मोटारीचें मर्म तिच्या वजनांत आहे. मूळच्या लोटस सेव्हनचें वजन सुमारें ५०० किलो होतें. बल म्हणजे वस्तुमान गुणिलें प्रवेग, हें सूत्र आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. त्याचा अर्थ असा कीं, इंजिन तेंच ठेवून गाडीचें वजन निम्मे केलें, तर ती दुप्पट चपळाईनें वेग घेते. म्हणजे मोठें इंजिन विकत घेण्यास पैसा नसेल, तर अनावश्यक वजन काढून टाकण्यास बुद्धि लागते, आणि बुद्धीस पैसा पडत नाहीं. चॅपमनची सारी कारकीर्द या एका विचारावर उभी राहिली.

हें सर्व इंग्लंडांतलें झालें. तेथें संच विकणारा होता, जुन्या गाड्या स्वस्त होत्या, आणि कित्येक घरांस गॅरेज होतें. आपल्या महाराष्ट्रांत त्याच काळीं यांपैकीं एकही सोय नसतां एका गृहस्थानें मोटार बांधली, ही गोष्ट आमच्या फार थोड्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. कोल्हापूर जिल्ह्यांतील इचलकरंजी येथील शंकरराव कुलकर्णी यांचें शालेय शिक्षण थोडेंच झालें होतें. सामान्य माणसास परवडेल अशी लहान मोटार आपल्याच देशांत बनावी, हा त्यांचा ध्यास होता. सन १९४९ च्या सुमारास त्यांची पहिली दोन माणसांची गाडी तयार झाली. तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं पुढें पंचवीस वर्षें एकामागून एक सुधारलेले नमुने तयार केले. गाडीचें नांव मीरा. तिचें इंजिन मागच्या बाजूस होतें. शेवटचा नमुना सन १९७५ मधला; त्याची किंमत सुमारें १२,००० रुपये पडावी असा अंदाज होता. ही गाडी रस्त्यावर चालली, लोकांनीं पाहिली व वाखाणलीही. मात्र तिचा कारखाना कधीं उभा राहिला नाहीं.

असें कां व्हावें? एक नमुना तयार करणें आणि एकसारख्या हजार गाड्या तयार करणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पहिल्यास कसब आणि चिकाटी पुरते. दुसऱ्यास भांडवल, सांचे, सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने आणि विक्रीची व्यवस्था लागते. शिवाय सन १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानें मोटारीसारखा मोठा धंदा काढण्यास सरकारी परवाना आवश्यक झाला होता. हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड अशा मोजक्याच कंपन्या त्या काळीं मोटारी बनवीत. इचलकरंजीच्या एका कारागिरानें त्या पंक्तींत जाऊन बसणें सोपें नव्हतें. तरीही आम्ही त्यांच्या प्रयत्नास अपयश म्हणणार नाहीं. एक नमुना झाल्यावर त्यांतील उणें शोधून पुन्हा दुसरा बांधणें, हें त्यांनीं पाव शतक केलें. आमच्या मुलांनीं त्यांच्यापासून घ्यावयाचें तें हेंच.

आतां बांधणीकडे वळूं. घरची मोटार पांच मुख्य अंगांची मिळून होते: चौकट, इंजिन व त्याची गति चाकांपर्यंत नेणारे भाग, स्टिअरिंग, स्प्रिंगा आणि ब्रेक. बाहेरचा पत्रा व रंग हीं सर्वांत शेवटचीं कामें. नवशिका मात्र तेथूनच आरंभ करूं पाहतो.

चौकटीचें तत्त्व समजण्यास बांबूच्या चार काड्या पुरे आहेत. त्या सुतळीनें बांधून चौकोन करा. एका कोपऱ्यास ढकलतांच तो तिरपा होईल. आतां एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पांचवी काडी बांधा. तोच चौकोन आतां हलणार नाहीं. कारण त्याचे दोन त्रिकोण झाले, आणि बाजूंची लांबी बदलल्याखेरीज त्रिकोणाचा आकार बदलत नाहीं. घराच्या कैच्या आणि रेल्वेचे जुने लोखंडी पूल याच तत्त्वावर उभे असतात. शर्यतीच्या मोटारीची चौकटही बारीक नळ्यांच्या अशाच त्रिकोणांची असते, म्हणून ती हलकी असूनही बळकट राहते. उलट, केवळ जाड लोखंड वापरून केलेली चौकट वजनानें जड होते आणि वळणावर पिळवटतेही.

चौकटीचें बळ शेवटीं सांध्यांत असतें. वेल्डिंगचा सांधा वरून सुरेख दिसला तरी धातु आंतपर्यंत वितळून एकजीव झाला नसेल, तर तो सांधा नुसता चिकटलेला असतो. उभी गाडी तो पेलतो. खड्ड्यांत चाक आदळतांच तो उकलतो. याकरितां शिकाऊ माणूस त्याच जाडीच्या तुकड्यांवर शंभर सांधे करतो, ते करवतीनें कापून आंत पाहतो, आणि मगच चौकटीस हात लावतो. मोठ्या रेल्वे स्थानकांवर पूर्वीं एक माणूस हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर टोले देत जात असे, हें आमच्या भुसावळकडील पालकांस आठवत असेल. चाक शाबूत असेल तर नाद खणखणीत येई. तडा असेल तर बद्द येई. डोळ्यांस न दिसणारा दोष शोधून काढण्याची ही जुनी युक्ति होय.

दुसरें अंग इंजिनाचें. हें बहुधा जुन्या गाडीमधून आयतें मिळतें, म्हणून सोपें वाटतें. परंतु इंजिन जितकी शक्ति उत्पन्न करतें, तितकीच, किंबहुना अधिक, उष्णता बाहेर टाकतें. खानदेशांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. थंड देशांतील चित्र पाहून बेतलेला लहान रेडिएटर येथें पुरणार नाहीं. ज्या मुलखांत गाडी चालावयाची, त्या मुलखाचा विचार आरंभींच केला पाहिजे.

इंजिनाची गति मागच्या दोन चाकांस पोंचविण्यांत एक गंमत आहे. आपल्या बैलगाडीचीं चाकें आंसावर स्वतंत्रपणें फिरतात. त्यामुळें गाडी वळतांना बाहेरचें चाक जास्त फेरे घेतें, आंतलें कमी घेतें, आणि कोणाचें कांहीं अडत नाहीं. मोटारींत मात्र दोन्ही चाकांस एकच इंजिन फिरवीत असतें. समजा, गाडी वर्तुळांत फिरत आहे. आंतल्या चाकाची त्रिज्या ५ मीटर व बाहेरच्या चाकाची ६.२ मीटर आहे. एका फेऱ्यांत आंतलें चाक सुमारें ३१.४ मीटर आणि बाहेरचें सुमारें ३९ मीटर चालेल. हा साडेसात मीटरांचा फरक कोणी सोसावयाचा? दोन्ही चाकें एकाच कांबीस घट्ट जखडलीं असतील, तर एक तरी चाक घासत जाईल व गाडी वळण्यास कुरकुर करील. यासाठीं डिफरन्शियल नांवाची दांतेरी चाकांची पेटी मध्यें बसवितात. ती इंजिनाचें बळ दोन्ही बाजूंस देते, आणि तरीही प्रत्येक चाकास आपापल्या वेगानें फिरूं देते.

तिसरें अंग स्टिअरिंगचें. वळतांना पुढचीं दोन चाकेंही निरनिराळ्या त्रिज्यांच्या वर्तुळांवर चालतात. म्हणून आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळलें पाहिजे. दांड्यांची लांबी व कोन असे ठरवावे लागतात कीं, हें आपोआप घडावें. येथें अंदाजानें काम केल्यास टायर झिजतात आणि वेगांत गाडी एका बाजूस ओढूं लागते. शिवाय स्टिअरिंगमधील एक नट सैल होऊन गळाला, तर चालकाच्या हातीं नुसतें चक्र राहतें. म्हणून अशा नटास आरपार पिन घालून ती वांकवितात, म्हणजे तो आपोआप फिरत नाहीं. चांगल्या कारखान्यांत आणखी एक रीत आहे. एकानें नट ठरलेल्या जोरानें आवळावयाचा, आणि दुसऱ्यानें तपासून त्यावर रंगाची रेघ ओढावयाची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. स्वतःच्या कामावर स्वतःच रेघ ओढण्यांत मात्र फारसा अर्थ नाहीं.

स्प्रिंगांचें काम केवळ बसणाऱ्यास सुख देण्याचें नाहीं. चाक रस्त्यास सदैव टेकलेलें ठेवणें हें त्यांचें खरें काम होय. चाक क्षणभर हवेंत उडालें, तर त्या क्षणीं स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी असतात.

आतां पांचवें व सर्वांत महत्त्वाचें अंग, ब्रेक. येथें एक हिशेब प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतः करून पाहावा. गाडीचा वेग ताशीं ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें ११ मीटर आहे. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असें धरूं. तेवढ्यांत गाडी ११ मीटर पुढें गेली. नंतर चांगले ब्रेक कोरड्या रस्त्यावर दर सेकंदास सेकंदीं ६ मीटर या प्रमाणांत वेग कमी करतात असें मानलें, तर गाडी थांबण्यास आणखी सुमारें १० मीटर लागतील. एकूण २१ मीटर झाले. आतां वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ८० किलोमीटर करूं. विचार करण्याच्या सेकंदांत २२ मीटर, आणि ब्रेक लावल्यावर सुमारें ४१ मीटर. एकूण ६३ मीटर. वेग दुप्पट झाला, पण ब्रेक लावल्यानंतरचें अंतर चौपट झालें. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. हें गणित ज्याच्या अंगीं मुरलें, तो वेगाविषयीं बढाई मारणार नाहीं.

घरच्या गाडीस या बाबतींत एक खास धोका असतो. ब्रेक लावतांच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो व मागचीं चाकें हलकीं होतात. म्हणून पुढच्या ब्रेकांनीं जास्त व मागच्यांनीं कमी जोर धरावा, अशी योजना कारखान्यांत त्या त्या गाडीच्या वजनावरून केलेली असते. हौशी माणूस पुढचे ब्रेक एका गाडीचे आणि मागचे दुसऱ्या गाडीचे बसवितो. प्रत्येक ब्रेक आपल्या परीनें चांगला असतो; पण मागचीं चाकें आधीं जखडलीं गेलीं, तर गाडी जागच्या जागीं गिरकी घेते. सावकाश चालवून पाहतांना हा दोष कळत नाहीं. तो कळतो प्रथमच जोरानें ब्रेक दाबण्याची वेळ येते तेव्हां. ब्रेकच्या तेलाचेंही असेंच आहे. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि त्याचा उत्कलनबिंदु हळूहळू उतरतो. वर्षानुवर्षें न बदललेलें तेल घाट उतरतांना उकळलें, म्हणजे नळ्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण ब्रेक दाबला जात नाहीं.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, कीं साध्या माणसानें या भानगडींत पडूंच नये. आमचें म्हणणें तसें नाहीं. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिरानें जुन्या भंगारांतून एक लहानशी जीपसारखी गाडी बांधली, आणि सन २०२१ च्या अखेरीस तिचें नांव देशभर झालें. खर्च सुमारें ६०,००० रुपये. गाडी सुरू करावयाची ती फटफटीप्रमाणें लाथ मारून. ती बांधली आपल्या कुटुंबाच्या हौसेसाठीं. महिंद्र कंपनीचे प्रमुख आनंद महिंद्र यांनीं ती पाहून तिच्या कर्त्याची जाहीर तारीफ केली. मात्र त्याच वेळीं त्यांनीं हेंही सांगितलें कीं, ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळें अधिकारी आज ना उद्यां ती बंद करतील. सबब तिच्या बदल्यांत त्यांनीं एक नवी बोलेरो देऊं केली, आणि सन २०२२ च्या जानेवारींत तो बदला पुरा झाला. या प्रसंगांत कसबाचा मान राहिला, आणि नियमाचाही राहिला. आमच्या मतें दोन्ही राहणें अवश्य होतें.

तो नियम काय आहे, तें पालकांनीं नीट समजून घ्यावें. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणी झाल्याखेरीज कोणतेंही मोटार वाहन सार्वजनिक जागीं चालवितां येत नाहीं. नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना आधीं सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, पुण्याची ए. आर. ए. आय. ही सन १९६६ मध्यें स्थापन झालेली संस्था त्यांपैकीं एक होय. ही तपासणी कारखानदारासाठीं आहे. एकच गाडी बांधणाऱ्या गृहस्थास ती झेपणारी नाहीं. तयार गाडीचें इंजिन किंवा सांगाडा आपल्या मर्जीनें बदलण्यासही त्या कायद्याच्या ५२ व्या कलमानें प्रतिबंध आहे. इंग्लंडांत घरीं बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी परीक्षा घेण्याची सोय आहे, म्हणून तेथील हौशी माणूस आपली गाडी परीक्षकापुढें नेऊन उभी करतो. आपल्याकडे असा मार्ग हौशी माणसास अजून मोकळा झालेला नाहीं. तो व्हावा असें आम्हांस वाटतें. पण तोंपर्यंत आहे तो कायदा पाळणें प्राप्त आहे.

यांत केवळ कागदाचा प्रश्न नाहीं. मेहरूण तलावाच्या कांठीं सकाळ-संध्याकाळ वृद्ध माणसें फिरावयास येतात, लहान मुलें आईबापांचा हात धरून चालतात. त्यांनीं कोणाच्याही यंत्राची परीक्षा पाहण्याचें पत्करलेलें नाहीं. न तपासलेल्या ब्रेकांची गाडी त्या रस्त्यावर आणणें म्हणजे त्यांस न विचारतां त्यांचा जीव पणास लावणें होय. आणखी एक गोष्ट. सन २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो, आणि त्यास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मुलाच्या हट्टास भुलून किल्ली हातीं देणाऱ्यांनीं हें ध्यानीं ठेवावें.

मग मुलानें करावें काय? आमची सूचना अशी. आरंभ मोटारीपासून न करतां सायकलीपासून करावा. तिचा मागचा हब पूर्ण सोडवावा, साफ करावा, वंगण घालावें व पुन्हा जुळवावा; एकही छर्रा उरतां कामा नये. नंतर भंगारांत निघालेलें एखादें स्कूटरचें इंजिन मिळवून पांढऱ्या कापडावर सोडवावें, प्रत्येक भाग काढला त्या क्रमानें मांडावा, वहींत चित्र काढावें, आणि उलट क्रमानें जोडावें. संचाच्या मोटारीचें सारें शास्त्र एवढ्यांत येऊन जातें. वेल्डिंग व लेथ हीं कामें शिक्षकाच्या देखरेखीखालींच, डोळ्यांवर कांच व हातांत मोजे घालून शिकावीं. त्यासाठीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारखी उत्तम जागा नाहीं. मुलींनींही यांत मागें राहण्याचें कारण नाहीं. पान्यास फिरविणारा हात मुलाचा कीं मुलीचा, हें नटास कळत नाहीं.

पुढें जे इंजिनिअरिंग कॉलेजांत जातील, त्यांस खरोखरची गाडी बांधण्याची संधि आहे. इंदूरजवळील पिथमपूर येथें सन २००७ पासून बाहा नांवाची एक स्पर्धा सुरू झाली. निरनिराळ्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं एका माणसाची, खडबडीत रानांत चालणारी गाडी स्वतः आंखावयाची व स्वतःच बांधावयाची असते. मात्र ती धांवण्यापूर्वीं परीक्षक तिचा सांधा न् सांधा पाहतात. नंतर ब्रेकची परीक्षा होते. ब्रेक दाबतांच चारही चाकें जखडलीं गेलीं पाहिजेत. न गेल्यास, गाडी कितीही वेगवान असो, तिला शर्यतींत प्रवेश मिळत नाहीं. वर्षभर खपलेल्या मुलांस हा निकाल कडू लागत असेल. पण पुढें याच मुलांनीं बनविलेल्या गाड्यांत हजारों कुटुंबें बसावयाचीं आहेत, हें लक्षांत घेतां ही परीक्षा आम्हांस सर्व स्पर्धेंत मोलाची वाटते.

पालकांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे. हातास तेल लागलें कीं अभ्यास बुडाला, अशी एक समजूत शिकलेल्या घरांतून अजून आढळते. ती सोडून द्यावी. ज्या मुलास चाक कां घासतें हें शोधून काढावयाचें आहे, त्यास वर्तुळाचा परीघ शिकण्याचें कारण निराळें सांगावें लागत नाहीं. घराच्या मागील पडवींत त्यास एक कोपरा, एक लाकडी फळी आणि चार चांगले पाने द्यावे. त्यानें केलेलें काम पाहावयास कोणी जाणता फिटर अधूनमधून बोलवावा. आणि त्या फिटरानें दोष दाखविला, तर मुलानें तो निमूटपणें दुरुस्त करावा, एवढा दंडक घालावा. फिटर न मिळाल्यास तें काम दुसऱ्या मुलास दाखवावें, पण दाखविल्यावांचून राहूं नये.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां मोटार बांधली, तर आम्हांस तिच्यांत बसण्याचा आनंद होईल. मात्र बसण्यापूर्वीं आम्ही तुम्हांस विचारूं, कीं हिचे ब्रेक कोणीं तपासले? त्या प्रश्नाचें उत्तर तयार ठेवा.